करार म्हणजे भाडेकरार नव्हे

सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या खोलीत बसून मी ईश्वरविज्ञानाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम घेतला आणि पहिल्याच पेपरात आपटलो. प्रश्न होता: ख्रिस्तात देवाचे करार कसे पूर्ण झाले? मी चार पानं लिहिली. चारही वाया गेली.

देवाने अब्राहाम, मोशे आणि दावीद यांच्याशी केलेले करार आणि यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेला नवा करार हे तुम्हाला संडे स्कूलपासून पाठ असणार. मी अडकलो तो 'करार' या शब्दातच. माझ्या डोक्यात करार म्हणजे घरमालकाबरोबरचा अकरा महिन्यांचा कागद: भाडं दे, नाहीतर चालता हो. म्हणून मी लिहिलं, इस्राएलाने अटी मोडल्या, देवाने जुना कागद फाडला आणि ख्रिस्तात नवा केला.

हे चूक आहे. हा पेपर देताना तुम्हीही हेच लिहिणार, म्हणून जरा ताणून सांगतो.

बायबलातला उत्पत्ती 15 उघडा, देव अब्रामाशी (पुढचा अब्राहाम) करार करतो तो अध्याय. कालवड, शेळी आणि मेंढा चिरून तुकडे समोरासमोर मांडलेत. इब्री भाषेत करार 'कापतात'. तुकड्यांमधून जाणारा जणू म्हणतो, शब्द मोडला तर माझी ही गत होवो. यिर्मया 34:18 वाचा म्हणजे खात्री पटेल. आमच्या पाळकांनी मला एवढंच विचारलं, "तुकड्यांमधून कोण गेलं रे?"

"अब्राम," मी ठोकून दिलं.

"झोपलेला माणूस चालतो होय? परत वाच."

खरंच, अब्रामाला गाढ झोप लागलीय. मधून जाते धुमसती भट्टी आणि जळती मशाल. ती देवाची खूण. म्हणजे शपथ घेतली ती देवाने, एकट्यानेच.

मोशेच्या, म्हणजे सीनाय डोंगरावरच्या करारात अटी आहेत, ते नाकारू नका, परीक्षक तिथेही धरतो. पण प्रेषित पौल गलतीकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात सांगतो की 430 वर्षांनी आलेलं नियमशास्त्र आधीचं वचन रद्द करत नाही. त्याच अध्यायाच्या 13व्या वचनात ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. करार मोडणाऱ्यावर यायचा तो शाप कुणी घेतला, हे दिसलं आणि मला त्या चार पानांची लाज वाटली.

कराराला इब्रीत 'बरीथ' म्हणतात. त्यासाठी सेप्टुआजिंटच्या, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या, भाषांतरकारांनीही सौद्याचा 'सुन्थेके' हा शब्द सोडून 'दियाथेके' घेतला, ज्याचा अर्थ मृत्युपत्र असाही होतो. ग्रीक येत नाही म्हणून घाबरू नका. मला अजून येत नाही, दोन शब्दांवर भागलं.

डावीकडे भाकीत, उजवीकडे पूर्तता असे गाइडातले तक्ते मात्र फेकून द्या. चिडून सांगतोय, कारण माझे दोन महिने त्यांनी खाल्ले. त्यापेक्षा स्तोत्र 89 शेवटपर्यंत वाचा. दावीदाला दिलेली शपथ आहे, आणि मुकुट धुळीत पडलाय. कवी देवालाच जाब विचारतो. ते कानात ठेवून मत्तयाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ वाचा, मग 'दावीदाचा पुत्र, अब्राहामाचा पुत्र' ही नुसती वंशावळ वाटणार नाही.

दुसऱ्या खेपेला दीड पान लिहिलं, पास झालो. खोलीचा कागद अजून दर अकरा महिन्यांनी नव्याने होतो, आणि घरमालक दर वेळी भाडं वाढवतोच.