जुन्या गाडीची सीट दुरुस्त करताना या चुका टाळा (निम्म्या मी स्वतः केल्यात)

आमची २००५ ची वॅगन आर. १५ वर्षांचं पासिंग संपलं तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या, आई म्हणे विकून टाका, मी आणि बाबा म्हटलं इंजिन खणखणीत आहे तर विकायची कशाला, मग परत पासिंग करून घेतलं. इंजिन खरंच खणखणीत होतं. ड्रायव्हर सीट मात्र अशी झालेली की गगनबावड्याला जाऊन आलं की उजवीकडनं कंबर धरायची आणि उतरल्यावर दाराला धरून दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं.

मग मी काय केलं? नवीन कव्हर टाकलं. काळं-लाल, डबल शिलाई, पायपिंग, बघणारा म्हणायचा नाद खुळा! पण कंबर तशीच दुखायची कारण दुखणं कव्हरमध्ये नव्हतंच.

सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. सीट म्हणजे पाच थर असतात, खाली सीट जिच्यावर मागं-पुढं सरकते ती रेल, त्यावर लोखंडी फ्रेम, फ्रेममध्ये स्प्रिंगा नाहीतर नागमोडी तारा, त्यावर फोम आणि सगळ्यात वर कव्हर. फाटलेलं दिसतं कव्हर म्हणून पैसे जातात कव्हरला, पण जुन्या गाडीत बिघाड बहुतेक वेळा खालच्या थरात असतो. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात एक सीटवाले मामा आहेत, त्यांनी माझी सीट नुसती हातानं दाबली आणि म्हणाले, "वरनं काय बघालायस मर्दा, खालनं हात घाल की." हात घातला तर एक तार हुकातनं निसटून लोंबत होती आणि तिच्या टोकानं फोमला खालनं चर पाडलेली. नवीन कव्हरखाली ती चर रोज थोडी थोडी वाढत होती.

तर आधी हे करा. गाडी सपाट जागी लावा, टेपनं सीटच्या बुडाची उंची डाव्या आणि उजव्या बाजूला फ्लोअरपासून मोजा. फरक आला तर आधी फ्रेम किंवा तार बघायची, फोम नंतर. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडनं उतरतो, उतरताना बाहेरच्या उंचवट्यावरनं घसरत जातो, त्यामुळं उजवी कड आधी बसते, हे नॉर्मल आहे आणि तेवढं फोमनं भरून निघतं. पण अख्खी सीटच एका बाजूला कलली असेल तर कितीही फोम घाला, महिन्याभरात परत तेच.

दुसरी चूक फोमची. लोक कव्हरखाली दीड-दोन इंच मऊ स्पंज टाकून घेतात, दुकानात बसून बघितलं की सोफ्यावर बसल्यागत वाटतं, पण तासभर गाडी चालवली की तो स्पंज पापड होतो आणि खालचा खड्डा परत लागायला लागतो. वर बसायची उंची वाढते ती वेगळीच, म्हणजे डोकं छताजवळ, पाय पेडलपासून लांब, आणि हेडरेस्ट डोक्याऐवजी मानेमागं येतो (हेडरेस्टचं वरचं टोक साधारण डोक्याच्या वरच्या टोकाला यायला पाहिजे, नाहीतर मागनं धडक बसली की मानेला झटका बसतो). अजून एक गोष्ट मला पण माहीत नव्हती, सीटचा पुढचा भाग मुद्दाम उंच आणि कडक ठेवलेला असतो, जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली तर माणूस पट्ट्याखालनं पुढं घसरू नये म्हणून. मांडीला टोचतंय म्हणून तो कापून मऊ करून घेणारे लोक बघितलेत मी. नका करू.

फोम घेताना डेन्सिटी (एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन) विचारा. ३२ चा फोम उशी-गादीला ठीक, गाडीच्या बैठकीला ४० किंवा त्याच्या वरचा बघा, आणि बसलेल्या कडेला भर द्यायची असेल तर चुऱ्यापासून दाबून केलेला कडक फोम मिळतो त्याची पट्टी आत घालून वर चांगल्या फोमचा पातळ थर. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे हे पण लक्षात ठेवा, जास्त डेन्सिटीचा फोम मऊसुद्धा असू शकतो, डेन्सिटी जास्त म्हणजे तो जास्त दिवस टिकतो. म्हणून दोन्ही विचारायचं. आणि तार आणि फोमच्या मध्ये गोणपाट किंवा जाड फेल्ट घालायला सांगाच, जुन्या सीटमध्ये ते कुजून गेलेलं असतं आणि नवीन काम करताना कोणी परत घालत नाही, मग तार नव्या फोमला पण कापते.

सोल्युशन (फोम चिकटवायचा गोंद) कमी लावा! मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा अर्धा डबा ओतला, वाळल्यावर फोम जागोजागी दगड, बसलं की कुरकुर. पातळ हात मारायचा, दोन्ही बाजूला, थोडं सुकू द्यायचं आणि मग चिकटवायचं.

सीट बाहेर काढायची असेल तर काम तसं सोपं आहे, बहुतेक गाड्यांत ४ बोल्ट असतात, सीट मागं सरकवून पुढचे दोन आणि पुढं सरकवून मागचे दोन. पण आपल्याकडचा पाऊस, ओले पाय, त्यामुळं बोल्ट गंजून बसलेले असतात आणि माणूस सरळ पान्याला पाईप लावून जोर काढतो. बोल्ट तुटला की फ्लोअरच्या आतला नट पण गेला, मग पत्र्याचं काम काढावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी आरामात निघतात. दाराच्या पट्टीवर जुनी वाकळ टाका नाहीतर रेलची धार प्लॅस्टिक खरवडते, आणि हातमोजे घाला, सीटच्या खालचा पत्रा ब्लेडसारखा असतो, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

पाठ बैठकीपासून वेगळी करताना रिक्लायनरची (पाठ मागं-पुढं कलती करायच्या यंत्रणेची) स्प्रिंग जपा. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ताणात असते, बोल्ट काढला की पाठ फाडकन पुढं येते. हे मिस्त्रीलाच करू द्या.

आता महत्त्वाचं. गाडीत साइड एअरबॅग आहे का ते आधी बघा. सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल असतं, आणि खाली बऱ्याचदा पिवळ्या रंगाचं कनेक्टर. असेल तर बॅटरीची मायनस काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्या वायरला हात लावायचा नाही, आणि सीट बाहेर असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो तो सर्व्हिस सेंटरला गेल्याशिवाय जात नाही. अशा सीटवर साधं घट्ट कव्हर टाकलं तर एअरबॅग फुटायची जागाच बंद होते, कारण कंपनीच्या कव्हरला तिथली शिलाई मुद्दाम उसवेल अशी असते. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत हा प्रश्न नसतो, पण मागच्या ८-१० वर्षांतल्या गाडीवाल्यांनी बघाच.

फ्रेमला चीर गेली असेल तर वेल्डिंग मारून घ्यायचा मोह होतो, गल्लीत वेल्डिंगवाला आहेच. गाडीत ठेवून तर अजिबात नको, बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते. आणि बाहेर काढून पण रेलला आणि रिक्लायनरला वेल्डिंग नको, धडकेत तिथंच सगळा जोर येतो. त्यापेक्षा त्याच मॉडेलची फ्रेम भंगारातनं शोधा. त्याच मॉडेलची म्हणतोय मी, दुसऱ्या गाडीची सीट लई भारी दिसते म्हणून अँगल मारून बसवणारे आहेत, बोल्टची भोकं जुळत नाहीत, पट्ट्याचं बकल भलतीकडं येतं, आणि गाडीत कंपनीनं दिलंय त्यापेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं ते वेगळंच.

जुनी सीट विकत घेताना एक कोल्हापुरी सल्ला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात किती आत आलेलं ते आठवा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत गाड्या बुडालेल्या. त्या गाड्यांच्या सीटा, फ्रेमा कुठं ना कुठं फिरतायत. रेलच्या आतल्या खाचेत बोट घाला, वाळलेला बारीक गाळ लागला की समजायचं. फोम वरनं कोरडा लागला तरी नाक लावून वास बघा, पुराचा वास वर्षानुवर्षं जात नाही. अख्खी गाडीच घेत असाल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर तिथनं निघा.

रेग्झिनबद्दल थोडंच. आमच्या बाबांनी चपलेला लावतात तसं खोबरेल तेल सीटला चोळलेलं, म्हणाले चामडं मऊ राहतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं वेगळं बाबा, ते खरं चामडं, तेल पितं. रेग्झिन म्हणजे प्लॅस्टिक, ते काही पीत नाही, नुसती धूळ चिकटते आणि पांढरा शर्ट वाया जातो. ओल्या फडक्यानं पुसा आणि गाडी सावलीत लावा, बास. शिवून घेताना सुती दोरा नको, पॉलिस्टर किंवा नायलॉनचा, आणि जुनं कव्हर उसवायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर आणि डावा-उजवा लिहून फोटो काढा. माझे दोन डावे तुकडे शिवून झालेले.

परत बसवताना दोन्ही बाजूच्या रेल एकाच खाचेत आहेत का बघा. सीट बाहेर असताना हँडल ओढलं गेलं की एक रेल पुढं सरकते, मग सीट तिरकी बसते किंवा एकाच बाजूला लॉक होते, आणि एकाच बाजूला लॉक झालेली सीट ब्रेकला सरकू शकते. चारही बोल्ट आधी हातानं थोडे थोडे बसवा, मग पाना. नंतर सीटवर बसून पाय टेकवून मागं-पुढं जोरात ढकला, दोन्हीकडनं खटका ऐकू आला पाहिजे. आठ-दहा दिवसांनी परत पाना लावून बघा, माझा मागचा डावा बोल्ट पाव आटा फिरला.