फाउंटन ग्रासची छाटणी आणि ठोंबांची विभागणी: कोल्हापूर जिल्ह्यासाठी सल्ला

जिल्ह्यातील ऊसतोड सरत येते त्याच सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जांभळ्या फाउंटन ग्रासची, म्हणजे बागेत लावतात त्या तुरेदार शोभेच्या गवताची, वार्षिक छाटणी घ्यावी. तोवर तुरे पिंजून विस्कटलेले असतात आणि पाती टोकाकडून तपकिरी पडू लागतात. बांधावर किंवा फाटकाशी हे गवत लावणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि बागांसाठी रोपे पुरवणाऱ्या रोपवाटिकांनी ते उसाच्या खोडव्यासारखे समजायला हरकत नाही. फरक एवढाच, की ऊस जमिनीलगत तोडून वर बुडखेही छाटतात, तर या गवताचे नवे फुटवे मातीलगतच असल्याने 10 ते 15 सेंटिमीटर बुडखा राखावा लागतो. कोयत्याला सरावलेला हात नेमका इथेच चुकतो.

छाटणीपूर्वी ठोंब मध्यावर सुतळीने आवळून बांधावा आणि धारदार विळ्याने सुतळीखालून कापत जावे. अख्खी पेंढी हाती येते, वाळली पाती वाऱ्यावर अंगणभर पसरत नाहीत. बुडख्यात अडकलेली पाती हाताने उपसावीत. पाचट पेटवण्याची सवय मात्र येथे आणू नये, कारण बुडख्यात आग गेली की फुटव्यांचे डोळेच करपतात.

छाटणीनंतर प्रत्येक ठोंबाभोवती घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत घालून पाणी द्यावे. पुढे उन्हाळ्यात जमिनीचा ओलावा पाहून आठ-दहा दिवसांनी दिले तरी पुरते. उसाला देतात तसा नत्राचा मारा करू नये. प्रस्तुत लेखकाने एका वर्षी उसाबरोबर या गवतालाही हौसेने युरिया टाकला, तेव्हा पाती हिरवट आणि लुसलुशीत झाली, रंग फिका पडला आणि पहिल्याच वळिवात सगळी ओळ आडवी लोळली. हे गवत थोडे उपाशी राहिलेलेच बरे, आणि दिवसभराचे ऊन मिळाल्याखेरीज त्याला जांभळा रंग चढत नाही.

तीन-चार वर्षांच्या ठोंबाचा मध्य पोकळ पडतो आणि फुटवे फक्त कडेने कड्यासारखे उरतात. असा ठोंब खणून काढावा, मधला मेलेला भाग टाकून द्यावा आणि कुदळीने किंवा जुन्या कोयत्याने कडेचे असे तुकडे करावेत, की प्रत्येकात चार-पाच फुटवे आणि त्यांच्या मुळ्या राहतील. पाती वीतभर राखून त्याच दिवशी 75 ते 90 सेंटिमीटर अंतरावर लावावे. बूड पूर्वी होते त्याच पातळीला राहावे, खोल गाडू नये.

विभागणीची वेळ तालुक्यानुसार बदलते. हातकणंगले, शिरोळ, कागल या भागांत मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लागण करावी. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे झडीत ऊनच मिळत नाही आणि कापलेले बूड कुजते. तिथे सप्टेंबरची उघडीप गाठणे शहाणपणाचे. काळ्या भारी जमिनीत 20 ते 30 सेंटिमीटर उंच गादीवाफा करावाच. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगा-कृष्णेच्या काठी ज्या रानांत पाणी शिरले होते, तिथे हे गवत जमिनीत लावूच नये, पिशव्यांत किंवा कुंड्यांत ठेवावे. पाचटाचे आच्छादन उन्हाळ्यात उपयोगी असले, तरी पावसाळ्यापूर्वी ते बुडापासून वीतभर दूर सारावे.

रोप घेताना जात पाहून घ्यावी. ‘रुब्रम’ ही जांभळी जात सहसा बी धरत नाही, ती ठोंबांपासूनच वाढवतात. मूळ उत्तर आफ्रिकेतील हिरवी जात मात्र भरपूर बी उधळते. हवाई आणि ॲरिझोनात ती बागेबाहेर पसरून वणव्यांना सरपण ठरली आहे. पन्हाळा, मसाई पठार किंवा राधानगरी अभयारण्याच्या आसपास ती लावू नये, आणि आधीच लावली असल्यास तुरे पिकून झडण्याआधीच कापावेत व ठोंब मुळासकट उपटावेत.