घाटेअळी औषधाला दाद देत नाही? निदान करताना या चुका टाळा

फवारणी करूनही अळी मेली नाही की औषध बनावट होते किंवा किडीत प्रतिकारशक्ती आली, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. परंतु ती अळी कोणत्या पिकावर आणि पिकाचा कोणता भाग खाऊन वाढली, हे क्वचितच विचारले जाते, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कपाशीवरील हिरवी बोंडअळी ही एकच कीड आहे. कपाशीच्या पानांतील, पात्यांतील (फुलकळ्यांतील) व बोंडांतील ग्रंथींमध्ये गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. ते खाणाऱ्या अळीच्या शरीरात सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे (विषाचे विघटन करणारी एन्झाइम) वाढतात, आणि त्यांतील काही विकरे पायरेथ्रॉइड या गटातील कीटकनाशकांचेही विघटन करू शकतात. गॉसिपॉलमुळे सक्रिय होणारे, अशा विकराचे एक जनुक चीनमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, तर गॉसिपॉल खाल्लेल्या अळ्या डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड औषध अधिक सहन करतात, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. म्हणून एका पिकावर आलेला अनुभव दुसऱ्या पिकाला जसाच्या तसा लावू नये.

आहारातून आलेली ही सहनशीलता आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी प्रतिकारशक्ती यांची गल्लत करणे, ही दुसरी चूक. शेतातून आणलेल्या अळ्यांची पुढची पिढी प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढवून चाचणी घेतली, तर आहाराचा परिणाम बहुतांशी पुसला जातो. असा अहवाल वारशाने आलेल्या प्रतिकारशक्तीविषयी सांगतो, मात्र उभ्या पिकातील अळी किती सहन करेल हे पुरते सांगत नाही.

यावर उपाय म्हणून मात्रा वाढवणे सर्वांत घातक, कारण त्यातून प्रतिकारक्षम अळ्याच मागे उरतात आणि मित्रकीटक मरतात. त्याऐवजी वेगळ्या कार्यपद्धतीच्या गटातील शिफारशीत औषध निवडावे. अळी मोठी होईपर्यंत थांबणेही चुकीचे आहे, कारण मोठी अळी विष अधिक पचवते, शिवाय घाट्यात (हरभऱ्याच्या शेंगेत) किंवा बोंडात तोंड खुपसून बसल्यामुळे तिच्यापर्यंत फवारा नीट पोचत नाही.

तक्रार घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जाताना केवळ अळ्या नेऊ नयेत. त्या कोणत्या पिकावर, पानावर की बोंडावर सापडल्या, केवढ्या होत्या आणि आधी कोणती औषधे कधी फवारली, हेही लिहून द्यावे.