मुलगा-मुलगी युद्धाच्या देशात असेल तर अॅडव्हायझरी कशी वाचायची

आमच्या ऐरोलीत नि ठाण्यात घरटी कुणीतरी बाहेर आहे, म्हणून लिहितोय. पहिलं काम, त्याला तिथल्या भारतीय दूतावासाच्या साइटवर रजिस्टर व्हायला लावा, आणि अपडेट थेट दूतावासाच्या हँडलवरच बघा, सोसायटीच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड नकोत (त्यात कधीकधी मागच्या युद्धाची नोटीस फिरते, तारीख कोण बघतंय).

खरी गोष्ट अॅडव्हायझरीच्या, म्हणजे दूतावासाच्या सूचनेच्या, भाषेत असते. ‘सतर्क राहा’ म्हणजे पासपोर्ट, कॅश, पॉवरबँक, औषधं एका सॅकमध्ये भरून ठेवा. ‘गरज नसेल तर तात्पुरतं निघा’ आलं की माझ्या मते तेव्हाच तिकीट काढायचं, सेमिस्टर बुडालं तरी चालेल. युक्रेनमध्ये १५ फेब्रुवारी २०२२ ला असंच सांगितलेलं, २४ ला हल्ला झाला नि विमानंच बंद, मग ऑपरेशन गंगात (भारत सरकारची सुटकेची मोहीम) पोरं आधी सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेली नि तिथून विमानाने आली. २ मार्चला तिथल्या खार्किव शहरातल्या भारतीयांना तर संध्याकाळी ६ पर्यंत जवळच्या गावांत पोचा, गाडी नसेल तर चालत, असा निरोप होता.

पासपोर्ट-व्हिसाची कॉपी इथे घरीही ठेवा, अडलं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार इथूनही टाकता येते.