बेत फिसकटला की देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

नाताळला गावी जायचं म्हणून साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला बसून तिकिटं काढलेली. आदल्या रात्री धाकट्याचं अंग तापतं, थर्मामीटर 102 दाखवतो. बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या, चिवड्याचा डबा वर. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "देवाची इच्छा!" म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या वाक्याचं पुढे करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

सुरुवात हातातल्या कामापासून करा. मुलाला औषध-पाणी द्या. जाणं होणार नाही हे नक्की झालं की तिकीट चार्ट लागायच्या आधी रद्द करा. जितका उशीर तितकी कपात. मग दोन घास खा. प्रार्थनेआधी हे उरकलं तर श्रद्धा कमी पडली असं कुणी समजू नये. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 27 उघडा. वादळात सापडलेल्या तारवावर, म्हणजे जहाजावर, 276 माणसं आहेत आणि कुणाच्याही जिवाला धोका नाही हे वचन येशूचा प्रेषित पौल याला देवाकडून मिळालेलं आहे. तरी खलाशी होडी उतरवून पळू बघतात तेव्हा तो शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला, बजावतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. चौदाव्या दिवशी तो सगळ्यांना जेवायचा आग्रह करतो आणि स्वतः भाकर मोडून खायला लागतो. वचन खरं म्हणून दोर कापायचे राहिले नाहीत. 'देवाने असं का केलं' या प्रश्नाला रिकाम्या पोटी हात घालू नका.

पोटात काही गेलं की तक्रार करा, आणि ती देवाकडेच करा. नमुना म्हणून बायबलमधलं स्तोत्र 13 घ्या. त्यात सहाच ओव्या आहेत: पहिल्या दोनमध्ये गाऱ्हाणं ('कोठवर?' हा प्रश्न चार वेळा), पुढच्या दोनमध्ये मागणं, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. त्याच मापाने सहा वाक्यं वहीत लिहा. उदाहरणार्थ:

"प्रभू, आई वर्षभर वाट बघत होती. आताच ताप यायचा होता का? याचा ताप उतरू दे. आईला फोन करताना माझा आवाज चढू देऊ नकोस. तू आम्हाला विसरलेला नाहीस, हे मी धरून आहे. आज गाणं सुचत नाही, उद्या गाईन."

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. पहिली दोन वाक्यं गाळून थेट शेवटच्या दोनांवर उडी मारायची, कारण देवाशी असं बोलणं बरं दिसत नाही! मग न बोललेला राग बायकोवर निघतो, नाहीतर नवऱ्यावर: "कालच टोपी घालायला सांगितलं होतं."

त्याच पानावर खाली मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आपल्या हातात होतं ते, उजवीकडे नव्हतं ते. ताप उजवीकडे. पण रविवारचा मेगाब्लॉक आधीच जाहीर झालेला असतो. तो न बघता घराबाहेर पडलात आणि लग्नाला उशीर झाला, तर ते डावीकडे लिहा. आपला निष्काळजीपणा 'प्रभूची योजना' म्हणून खपवणं हा या शिकवणीचा सगळ्यात सोयीचा गैरवापर आहे. डावीकडच्यासाठी माफी मागायची, उजवीकडचं देवाच्या हाती सोपवायचं. आणि ज्यांना आपल्या बदललेल्या बेताचा फटका बसतो त्यांना कारण स्वतः कळवायचं. पौलानेही ग्रीसमधल्या करिंथला जायचा बेत बदलला, तेव्हा तो शब्दाचा पक्का नाही असं तिथे वाटू नये म्हणून करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या दोन अध्यायांत त्याने सविस्तर खुलासा केला आहे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: अर्थ लावायची घाई करू नका. "गाडीला काहीतरी होणार असेल, म्हणून देवाने थांबवलं" असं आपण पाच मिनिटांत ठरवून टाकतो. गाडी सुखरूप पोहोचते, आणि मग आपल्या त्या स्पष्टीकरणाबरोबर विश्वासही डळमळतो. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातले आकडे मांडून बघा. योसेफ 17 वर्षांचा असताना त्याची गोष्ट सुरू होते. भाऊ त्याला विकून टाकतात, मिसरात तो तुरुंगात पडतो. फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहतो तेव्हा तो 30 वर्षांचा असतो. त्यानंतर सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षं गेल्यावर, म्हणजे साधारण 39 व्या वर्षी, तो भावांना म्हणतो की देवानेच मला तुमच्यापुढे पाठवलं. तुरुंगात मात्र तो असं काही बोलल्याची नोंद नाही. तिथे तो कैदेत असलेल्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला, सांगतो की मी काही केलेलं नाही, फारोकडे माझी आठवण काढ. प्यालेबरदार विसरतो, आणि त्यात आणखी दोन वर्षं जातात. रोमकरांस पत्र 8:28 सुद्धा प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे असं म्हणत नाही. सगळ्या गोष्टी मिळून देव त्याच्यावर प्रीती करणाऱ्यांचं कल्याण साधतो, असं म्हणतं. दुसऱ्याच्या घरी तर हे वचन ऐकवायला जाऊच नका. तिथे डबा घेऊन जा.

नवा बेत आखायला हरकत नाही, उलट आखावाच. पौलाला आशिया या रोमी प्रांतात देवाचं वचन सांगायला मनाई झाली, मग बिथुनिया या दुसऱ्या प्रांताची वाट बंद झाली. तरी तो चालत राहिला, आणि मासेदोनियाचा दृष्टान्त त्याला दिसला तो त्रोवसला पोहोचल्यावर. याकोब 4:13-15 मध्येही व्यापाऱ्यांच्या बेताला दोष दिलेला नाही. उद्याचं आपल्याला ठाऊक नसताना उद्याचा दिवस आपल्या मुठीत असल्यासारखं बोलणं, हा दोष आहे. म्हणून 'प्रभूची इच्छा असल्यास' हे शब्द बेत मोडल्यावर नव्हे, तारीख ठरवतानाच मोठ्याने म्हणायचे, मुलांना ऐकू येतील असे. ताप उतरला की जानेवारीतली तारीख कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहा आणि आईला फोन करा.