कॅरिबियन बातमीदारांना ऊर्जेची बातमी शिकवताना
हवामान परिषदांच्या जाहीरनाम्यांनी सुरुवात करू नका. प्रत्येकाला घरचं वीजबिल आणायला सांगा. बार्बाडोसच्या बिलात इंधन-शुल्काची ओळ वेगळी असते. आयात तेल महागलं की तीच फुगते आणि वाचकाला झळ तिथेच बसते.

मग मेगावॉट (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज बनू शकते, ती क्षमता) आणि मेगावॉट-तास (ठरावीक वेळात प्रत्यक्ष किती वीज बनली) यांतला फरक फळ्यावर पक्का करून घ्या, कारण बातम्या हमखास इथेच चुकतात. १० मेगावॉटचा सौर प्रकल्प, क्षमता-वापर (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळणारी वीज) २० टक्के धरला, तर दिवसाला १० × २४ × ०.२० = ४८ मेगावॉट-तास देतो; २४० नव्हे. जमैकातल्या विग्टन पवनप्रकल्पाचे ६२.७ मेगावॉटही क्षमताच सांगतात.

१०० टक्के अक्षय ऊर्जेची घोषणा झाली, की मंत्र्यांना विचारायला लावा: सूर्य मावळल्यावर वीज कुठून येणार, बॅटरी किती मेगावॉट-तासांची आणि तिचा खर्च कोणाच्या बिलात?