दगडफुलाचा जांभळा रंग: बरणी घालण्याआधी

हे काम काढायचं ते दिवाळीनंतरच. दगडफूल आणि अमोनियाचं मिश्रण महिनाभर तरी मुरावं लागतं आणि त्याला जास्त उष्णता सोसत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात या भानगडीत पडूच नये.

काळ्या मसाल्यासाठी दगडफूल घरात असतंच, पण पुडीत बहुधा दोन-तीन जातींची सरमिसळ असते. लेकॅनोरिकसारखी आम्लं असलेल्या जातींतूनच जांभळा निघतो, म्हणून निवडायला एक निवांत दुपार काढा. प्रत्येक पाकळीचा कोपरा तोडून घ्या, वरची करडी साल नखाने खरवडा आणि आतल्या पांढऱ्या थरावर कपड्यांच्या ब्लीचचा एकच थेंब टाका. जागा लाल झाली तर ती पाकळी रंगाची, नाही तर मसाल्याची. लाली लगेच विरते, तेव्हा नजर हलवू नका. थेंब लागलेला कोपरा टाकूनच द्यायचा. निवडणं संपलं की ब्लीचची बाटली दुसऱ्या खोलीत न्या, हात धुवा, मगच अमोनिया उघडा. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. माल किराणा दुकानातलाच घ्या. सातपुड्यात झाडं खरवडत फिरू नका, ते वाढायला वर्षानुवर्षं जातात, आणि यावल अभयारण्यात तर हात लावायचाच नाही.

बरणी काचेची, झाकण प्लॅस्टिकचं; पत्र्याचं गंजतं. हातमोजे आणि चश्मा हवाच. दगडफुलाचा चुरा, एक भाग अमोनिया, दोन भाग पाणी, आणि निम्मी बरणी रिकामी. ती हवेसाठी, कारण अमोनियासोबत ऑक्सिजन मिळाल्याशिवाय रंग तयारच होत नाही. पहिला आठवडा दिवसातून तीन-चार वेळा गच्चीवर नेऊन झाकण उघडायचं, परत लावून हलवायचं. पुढे एकदा पुरे. पूर्वी युरोपात अमोनियासाठी शिळं मूत्र वापरत. त्यामानाने आपला वास परवडला! स्कॉटलंडात कथबर्ट गॉर्डनने १७५८ साली अशाच रंगाचं पेटंट घेतलं होतं.

कापडाचं म्हणाल तर इथे आपला कापूस कामाचा नाही, सुतावर हा रंग नीट धरत नाही. पांढरी लोकर किंवा रेशीम आणा. येवला काही लांब नाही, पण पहिल्या खेपेला रेशमाचे उरलेसुरले तुकडेच बरे. लोकरीच्या वजनाइतकं सुकं दगडफूल धरून चाला. तुरटी लागत नाही. पातेलं स्टीलचं आणि रंगाचंच, पुन्हा ओट्यावर यायचं नाही. उकळी न आणता तासभर मंद आचेवर ठेवा. लालसर छटा हवी असेल तर थोडं व्हिनेगर जवळ असू द्या.

वाळवायला दोरी सावलीत बांधा. उन्हात हा रंग उडतो, त्यामुळे यातून पडदे शिवायचा बेत असेल तर तो आताच सोडा.